पिता वर्गीकरण कक्षाचा आठवा रकाना

समाज सुरळीत चालायचा असेल, तर कोणता माणूस नेमका कसा आहे हे त्याला भेटण्याआधीच ठाऊक असावं लागतं. भेटल्यानंतर कळून काय उपयोग? तोवर तो माणूस स्वतःच्या मनासारखा वागून मोकळा झालेला असतो, आणि मग निस्तरत बसावं लागतं आमच्यासारख्यांना.

पूर्वी बापांच्या बाबतीत ही कटकट नव्हती. बाप एकाच प्रकारचा मिळायचा. "येऊ देत त्यांना घरी, मग सांगते तुला" एवढ्यात त्याचं सगळं वर्णन उरकायचं, आणि तो आला की घर आपोआप गप्प व्हायचं. मग आधुनिक बाप निघाले आणि सगळा विचका झाला. कुणी पोराला न्हाऊ घालतोय, कुणी पोरापेक्षा जास्त रडतोय. बघणाऱ्यांनी नाक मुरडावं की कौतुक करावं तेच कळेना. लोकांची ही गैरसोय दूर करण्यासाठी पिता वर्गीकरण कक्ष स्थापन झाला. मी तिथे एकोणीस वर्षं निरीक्षक आहे. (बढती दोनदा हुकली. तो विषय इथे नको.)

कक्षाने मान्य केलेले बापांचे प्रकार सात, आणि ते इतके अचूक आहेत की माझी मान अभिमानाने ताठ होते. पहिला मदतनीस बाप. हा स्वतःच्याच मुलाच्या संगोपनात बायकोला मदत करतो. "डायपर कुठे ठेवलेत गं?" ही त्याची खूण. केलेलं काम चाळीस सेकंदांच्या आत जाहीर केलं तरच ते ग्राह्य धरतात. दुसरा मित्र-बाप, हा पोराचे कपडे घालतो आणि पोराच्या दोस्तांसमोर पोराला तोंड लपवायला लावतो. प्रशिक्षक-बाप मैदानाच्या कडेला आढळतो आणि खेळणाऱ्यापेक्षा त्याला जास्त घाम येतो. संशोधक-बाप बाळ शिंकलं की आधी तीन लेख वाचतो, मग रुमाल शोधतो. 'येतोच'-बाप सदैव फोनवर असतो आणि पाच मिनिटांत येतोच. (आमच्याकडची सर्वांत लांब पाच मिनिटं सात वर्षांची आहेत. मुलगी आता कॉलेजात आहे.) सहावा फोटो-बाप. सातवा कडक-बाप, म्हणजे जुना शिल्लक साठा.

दर शंभर बापांपैकी एकसष्ट मदतनीस निघतात. उरलेले एकोणचाळीस आपण मदतनीस नसल्याचं ठासून सांगतात, पण डायपर त्यांनाही सापडत नाहीत.

वर्गीकरण झालं की बापाला त्या त्या रंगाचा बिल्ला मिळतो. बिल्ल्यावाचून शाळेत प्रवेश नाही, कारण शाळेच्या सभागृहात खुर्च्या प्रकारवार मांडलेल्या असतात. किती सोय! मदतनिसांना दाराजवळ, प्रशिक्षकांना ओरडायला मोकळी जागा, 'येतोच' बापांसाठी रिकाम्या खुर्च्यांची एक रांग.

असं सगळं छान चाललं असताना एक कुलूपवाला उपटला.

बाजारामागच्या गल्लीत त्याचं एका खणाचं दुकान. कुलपं दुरुस्त करायची, किल्ल्या बनवून द्यायच्या. बायको परिचारिका, तिची कामाची पाळी बदलती. मुलगी सात वर्षांची, सगळे तिला बुटकी म्हणतात. शाळेच्या संमेलनात दातांच्या निगेवर एक नाटुकलं होतं, त्यात बुटकी किडकी दाढ झाली होती. वाक्य एकच: "मला उपटू नका, मी सुधारेन!" पण तेवढं एक वाक्यही तालमीत तिच्या घशातून बाहेर पडत नव्हतं. बाईंनी सांगितलं, संमेलनातही बोलली नाहीस तर पुढच्या वर्षी एकही वाक्य मिळणार नाही. त्यावर बुटकीने बापाला ठणकावलं होतं, "तू समोर बसलास तरच मी बोलणार. तुझं तोंड दिसलं पाहिजे मला."

म्हणून कुलूपवाल्याने बिल्ल्यासाठी अर्ज केला, आणि मी नियमाप्रमाणे तीन दिवसांच्या निरीक्षणाला गेलो.

पहिल्या दिवशी तो एका सुटकेसचं अडकलेलं कुलूप सोडवत होता. बुटकी बाजूला बसून विचारती झाली, "बाबा, ढगात एवढं पाणी असतं, तर ढग धपकन खाली का नाही पडत?" मी पेन सरसावलं. संशोधक असेल तर मोबाइल काढेल, कडक असेल तर गप्प बस म्हणेल. तो म्हणाला, "काय माहीत बुवा." आणि दोघं दुकानाबाहेर येऊन मान वर करून उभे राहिले. बराच वेळ! मीही पाहिलं. ढग पडला नाही. या वागणुकीला माझ्याकडे रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोरीच्या हातून एक बारीक स्प्रिंग हरवली आणि तो तिच्यावर खेकसला. मला हायसं वाटलं. 'कडक' समोर मी ठळक खूण केली, तिन्ही प्रतींवर. तर हा शहाणा दहा मिनिटांनी म्हणतो, "उगाच ओरडलो गं. चुकलं माझं." अहो, तिन्ही प्रती खराब झाल्या! वागायचं तर एका धोरणाने वागावं, सरकारी कागदाची काही लाज?

तिसऱ्या दिवशी त्याने तिची वेणी घातली. वाकडी आली. ती म्हणाली, "शी!" त्याने सोडून पुन्हा घातली. पुन्हा वाकडीच. तेवढ्यात बायको कामावरून आली. मी घड्याळ हातात घेतलं. चाळीस सेकंद गेले, दोन मिनिटं गेली, पण हा माणूस वेणीबद्दल अवाक्षर काढेना. उलट तिलाच विचारतो, "दमलीस का?" मी घड्याळ खिशात टाकलं आणि उठलो.

अहवाल पाहून आमच्या मोठ्या मॅडमनी चष्मा काढला.

"सातांपैकी एकही नाही?"

"नाही मॅडम. बाप आहे, एवढं नक्की सांगता येतं."

"तुम्हाला कोण विचारतंय? रकाना आहे का? नाही ना? मग नवा रकाना उघडायचा म्हणजे तीन समित्या आणि अकरा वर्षं. त्यापेक्षा माणूस दुरुस्त करणं सोपं. कुठल्या रांगेत जागा आहे बघा."

जागा फक्त फोटो-बापांच्या रांगेत होती. कुलूपवाल्याला दुकान बंद ठेवून चार दिवसांच्या प्रशिक्षणाला बसवलं. मुलाला आनंद होण्याआधी मोबाइल कसा बाहेर काढायचा, झालेला आनंद नीट आला नसेल तर पुन्हा कसा करायला लावायचा, असं सगळं शिकवलं. तो काठावर पास झाला. बिल्ला घेताना म्हणाला, "साहेब, पण तिला माझं तोंड दिसायला हवं हो." मी म्हटलं, "आधी आत तर या."

संमेलनाच्या दिवशी फोटो-बापांची रांग भरगच्च होती. बत्तीस बाप, बत्तीस मोबाइल, सगळे नियमानुसार चेहऱ्यासमोर. मी मागच्या रांगेत लक्ष ठेवून होतो. पडदा सरकला. पुठ्ठ्याची पांढरी दाढ, पोटावर काळा डाग, वर बुटकीचं एवढंसं तोंड. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत मोबाइल बघत गेली. बत्तिसांमध्ये बाप कुठला ते तिला कळेना. विंगेतून बाई कुजबुजल्या, "बोल, बोल!" पोरीचा ओठ थरथरायला लागला.

आणि कुलूपवाल्याने मोबाइल खाली घेतला.

तिला तो दिसला. ती हसली तशी सगळी दाढ हलली. पण इकडे नियमभंग झाला होता, तोही माझ्या डोळ्यांदेखत, आणि मागे मॅडम बसल्या होत्या. रांगेत एक उघडा चेहरा चालवून घेतला तर उद्या इतरही चेहरे उघडे पडतील. मी पुढे झालो, त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला खुर्चीतून उठवायला लागलो. तेव्हा स्टेजवरून, तालमीत कधीच न निघालेल्या आवाजात, बुटकी माझ्याकडे बघत ओरडली, "उपटू नका! सुधारेन मी!"

प्रचंड टाळ्या पडल्या. एकतीस मोबाइलांवर ते फार सुरेख उतरलं. कुलूपवाला तोवर दाराबाहेर होता. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी जेवण गेलं नाही. तशी नोंद मी केली आहे.

ही हकिकत कक्षाने लोकांच्या माहितीसाठी जाहीर केली, आणि काय सांगू, अर्जांचा पाऊस पडला. प्रत्येकाचं म्हणणं एकच: "मी कुठल्याही प्रकारात बसत नाही. मी अगदी त्या कुलूपवाल्यासारखा आहे." सोबत पुरावे. एकाने मुलीला "काय माहीत बुवा" म्हणतानाचा स्वतःचा व्हिडिओ जोडला होता. तिसऱ्या प्रयत्नात चांगला आला, असंही कळवलं. मुलं नसलेल्यांनी होणाऱ्या मुलांच्या वतीने लिहिलं. काही बायकांनी "आमच्या ह्यांचा अर्ज आला असेल तर कृपया आम्हाला आधी विचारा" असं कळवलं, पण ती पत्रं विहित नमुन्यात नसल्याने बाद झाली. मागणीच इतकी दांडगी, की अकरा वर्षांचं काम नऊ दिवसांत झालं. आठवा रकाना मंजूर झाला: 'कुलूपवाल्यासारखा बाप'. शाळेत त्याची वेगळी रांग, पहिलीच, स्टेजच्या अगदी समोर. चाळीस खुर्च्या. मोबाइलची सक्ती नाही.

काल कुलूपवाला आणि बुटकी कक्षाच्या खिडकीपाशी आले होते. यंदा तिला दोन वाक्यं आहेत. तिने काचेला नाक लावून विचारलं, "काका, बाबाची खुर्ची कुठली?"

मी यादी काढून तिच्यासमोर धरली. एकोणचाळीस भरल्या होत्या, एक शिल्लक होती. मी तिला म्हटलं, उद्या फॉर्म घेऊन या. आज दोघं फॉर्म घेऊन आले, तेव्हा मला त्यांना परत पाठवावं लागलं. त्या चाळिसाव्या खुर्चीसाठी तुमचा अर्ज येऊन पडला होता. हे वाचता वाचताच, मनातल्या मनात, केलात तुम्ही तो.