आप्पांची रोजची उलटतपासणी

"खोटं बोलू नकोस! शपथेवर हाईस तू!"

सकाळी सातला शेजारच्या आप्पांच्या घरातून असा आवाज आला की लोंढ्याच्या स्टेशनात थांबलेली गाडी सिग्नल न बघताच सुटली असती. टिळकवाडीत त्यांची-आमची भिंत एकच. हाताला आलं ते लाटणं घेऊन मी धावलो. दार उघडंच होतं. आत आप्पा एकटे. समोरासमोर दोन खुर्च्या, मधे स्टूल, स्टुलावर एक रंगीत पत्ता. एका खुर्चीमागं उभं राहून आप्पा बोट नाचवत ओरडायचे आणि लगेच पळत जाऊन दुसऱ्या खुर्चीत बसून, मान खाली घालून म्हणायचे, "व्हय साहेब. तिसरा लाडू मीच खाल्ला."

आप्पा म्हणजे कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. जन्मभर दुसऱ्यांच्या साक्षी लिहिल्या. त्यांनी नुसतं पेनाचं टोपण काढलं आणि दोन खुनी गुन्हा कबूल करून मोकळे झाले. एक खुनी आप्पा सांगतात, दुसरा मी वाढवलेला.

बायको, म्हणजे आमच्या काकू, वारल्यावर बंगळुरूच्या लेकीनं आप्पांना टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रांच्या पत्त्यांची पेटी दिली. "बाबा, रोज एक पत्ता काढा, चित्र बघा आणि स्वतःशी बोला." आता स्वतःशी बोलायची आप्पांना एकच रीत ठाऊक. पाठीत दहा तलवारी खुपसलेला माणूस निघाला, की सवाल: "कंबर दुखतीया हे डॉक्टरपासून का लपवलंस?" शेवटी उभं राहून निकाल: "आरोपीनं टाचांना तेल लावावं. दुपारी एक तास सक्तीची झोप." झोप चुकली तर दुसऱ्या दिवशी कोर्टाचा अवमान!

बातमी पसरली. वरच्या मजल्यावरच्या वहिनी लेकीची पत्रिका घेऊन उतरल्या. "आप्पा, लगीन कधी जमंल?"

"पुढचं मला ठावं न्हाय. पोरीला इचारलासा काय ते सांगा. शपथेवर."

वहिनी अशा पळाल्या की त्यांच्या चपला आठवडाभर आप्पांच्या दारात होत्या.

मी मात्र रोज चहा घेऊन सुनावणीला बसू लागलो. तेव्हा लक्षात आलं, एका पत्त्याची सुनावणी आप्पा घेतच नाहीत. एक पोरगा धाकट्या पोरीला फुलांनी भरलेला पेला देतोय, असं चित्र. तो निघाला की "तारीख!" म्हणून गड्डीत परत. तीनदा असं झालं. चौथ्यांदा मी पत्त्यावर तळहात ठेवला. "कोर्ट तारीख देत नाही, आप्पा."

आप्पा दुसऱ्या खुर्चीकडं गेले. पळत नाही, चालत.

"चित्र उलटं काढलंय," ते म्हणाले. "आमच्यात थोरली ती. नंदगडची आक्का. सात वर्सं झाली. गणपती यंदा माझ्या घरात बसवू, एवढंच बोलायचं होतं. बस धरून जायचं, तर मी सख्ख्या बहिणीला रजिस्टर पोस्टानं नोटीस धाडली. पंधरा दिवसांत खुलासा करावा म्हणून."

"मग?"

"खुलासा न्हाय आला. गणपतीचा पाट आला, समई आली. आक्का न्हाय आली. तवापासनं बोलणं न्हाय."

"फोन करायचा की!"

"आणि आवाज ऐकून तिनं ठेवला तर? आता लहानपणचं माझं माणूस म्हणून तेवढीच उरलीया रं."

निकाल मलाच द्यावा लागला. आरोपीनं आत्ता, याच खुर्चीतून फोन लावावा. आप्पांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावला. पलीकडं "कोण?" झालं आणि आप्पा सुटले. चूक कबूल, नोटीस मागं घेतो, पाट आणून देतो, माझंच चुकलं. दम लागला तेव्हा थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "उद्या अकराच्या बसनं येऊ काय गं?"

आप्पांनी खुर्चीचे हात असे आवळले की लाकडातून तेल निघालं असतं.

मग आक्का म्हणाली, "अकराची बंद झाली. साडेबाराची हाय."