शिक्का न बघणारं फाटक

रोह्याच्या कारखान्यात नवी संगणक-पद्धत आली ते साल अठ्ठ्याण्णव. प्रत्येकाला एक फ्लॉपी मिळाली. तिच्यात ज्याचं त्याचं सर्टिफिकेट, त्यावर कंपनीचा शिक्का. फ्लॉपी घातली की मशीन माणूस ओळखायचं, त्याची हजेरी मांडायचं आणि फाटक उघडायचं.

एका सोमवारी स्टोअरच्या शकूची फ्लॉपी चालेना. बिघाड शोधायला संगणक-खात्यातल्या एझ्रा रोहेकरने एक खोटं सर्टिफिकेट बनवलं. नाव काहीतरी हवं, म्हणून मॅनेजर हैबतरावांचं टाकलं. शिक्का स्वतःचाच मारला. मशीन हे हाकलून देणार, याची त्याला खात्री होती.

मशीनने लिहिलं, ‘या, हैबतराव साहेब.’

एझ्राने पुन्हा करून पाहिलं. मशीन नुसतं नाव वाचत होतं. शिक्का कुणाचा, हे बघतच नव्हतं!

तेवढ्यात पेणहून साहेबांची गाडी आली. वॉचमन जनूने त्यांची फ्लॉपी घातली, पडदा पाहिला आणि हात जोडले.

"साहेब, तुम्ही आत हाव."

"अरे, मी तुझ्यासमोर उभा आहे ना!"

"व्हय. पन मशीन म्हनतंय आत हाव. दोनदा कसा सोडू?"

साहेब वीस मिनिटं उन्हात तापले. एझ्राने धावत जाऊन सगळं कबूल केलं. साहेबांनी ही पद्धत बसवणाऱ्या मुंबईच्या कंपनीला फोन लावला, तर तिथला इंजिनिअर म्हणाला, "अशक्य! तुमच्या माणसाने शिक्का चोरलाय." झालं. एझ्राच्या निलंबनाचं पत्र टाइप झालं. चौदा वर्षांची नोकरी एका फ्लॉपीपायी चालली.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला. एझ्राने वाद घातला नाही. त्याने खोटं सर्टिफिकेट बनवायला शकूला मशीनसमोर बसवलं.

"एझ्राभाव, मला काय येतंय यातलं?"

"कुणाचं पन नाव टाक आनि बटन दाब गो."

शकूने इंजिनिअरच्या छातीवरचा बिल्ला निरखून पाहिला आणि एकेक अक्षर टाकलं. मशीनने तिला इंजिनिअर ठरवलं आणि कारखान्याचे सगळे अधिकार देऊन टाकले. इंजिनिअरने पाणी मागवलं.

"दुरुस्तीला दोन महिने लागतील," तो पाणी पिऊन म्हणाला.

पत्र फाडलं गेलं. संध्याकाळी साहेबांनी एझ्राला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. आता शाबासकी मिळणार, असं एझ्राला वाटलं.

"म्हणजे दोन महिने हे असंच चालणार?"

"व्हय साहेब."

साहेबांनी आवाज खाली आणला. "शनिवारी पेणहून यायचा फार कंटाळा येतो रे. माझ्या नावाचं एक..."

"शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारभर आमचा यहुदी लोकांचा शब्बाथ, साहेब. कामाला हात लावत नाय."

साहेबांनी कॅलेंडरकडे पाहिलं.

"मग शुक्रवारी दिवस मावळायच्या आत करून ठेव."