लाँड्रीचा बोर्ड आणि माझी शिडी

माझं डोकं गरम आहे, हे मला कुणी सांगायला नको. घरात सांगतात, कामावर सांगतात, शेजारची म्हातारी तर भिंतीपलीकडून सांगते. पण त्या दिवशी मी शांत होतो. चहा पीत होतो. तेवढ्यात बायको म्हणाली, "माझा भाऊ लाँड्री टाकतोय."

मी कप खाली ठेवला.

"आदळू नका. कान तुटला तर तुम्हालाच चिकटवायला लावीन."

आता या भावाचं सांगायला पाहिजे. मी घरं रंगवतो. रंगाऱ्याला एक वेळ भाकरी नसली तर चालेल, शिडी पाहिजे. माझी चांगली घडीची शिडी हा मेव्हणा घेऊन गेला. "दाजी, संध्याकाळी परत देतो," म्हणाला. कुठल्या संध्याकाळी, ते बोलला नाही. मी मागायला गेलो. त्याचा आवाज चढला, माझा तर चढलेलाच असतो. दारात उभा राहून मी असं काही बोललो की तेव्हापासून बहीण-भावाचं बोलणं बंद. आणि मी रंगाच्या ड्रमावर उभा राहून लोकांची छतं रंगवतोय.

"आपणहून फोन केला त्यानं," बायको म्हणाली. "ताई, उद्घाटनाला ये म्हणाला. आणि बोर्ड दाजींकडून पाहिजे म्हणाला."

"देतो की. भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवतो. चोर म्हणून."

"रंगवलेला नको, कॉम्प्युटरचा पाहिजे. तुम्हाला काही ते जमायचं नाही. छपाईवाल्याकडून करून घेऊ."

झालं. 'जमायचं नाही' म्हटलं की माझ्या डोक्यात काहीतरी फुटतं. "का जमायचं नाही? मीच करणार. कॉम्प्युटरवर करणार. शिकून करणार."

तिनं माझा कप उचलून बाजूला ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "करा. पण एक ऐका. हा बोर्ड नीट झाला तर माझं माहेर मला परत मिळेल. बिघडला, तर मी तिथं पुन्हा पाय ठेवू शकणार नाही."

"अगं, रंगात आयुष्य गेलंय माझं," मी म्हणालो.

डिझाईनचा क्लास पिठाच्या गिरणीच्या वर होता. खाली गिरणी चालू झाली की वर पडदा थरथरायचा आणि बटणांवर पीठ बसायचं. पहिल्या दिवशी दारातच एक पोरगी म्हणाली, "काका, पालकांनी बाहेर बसायचं." मी तिच्याकडे असं बघितलं की तिनंच मला खुर्ची दिली.

मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. बोलायला गोड, पण एकच गोष्ट किती वेळा सांगावी याचा त्यांना कंटाळाच नाही. (मला होता.) माउस मी ब्रशासारखा धरला, घट्ट. बाण वर न्यायचा म्हणून सरकवत सरकवत नेला, तर टेबल संपलं.

"मॅडम, टेबल लहान आहे."

"काका, माउस उचलून परत अलीकडे ठेवायचा."

"मग बाण पण परत येईल की."

"नाही येत."

"का नाही येत?"

"नाही येत हो काका," मॅडम म्हणाल्या, आणि खरंच नाही आला. का, ते मला अजून कळलेलं नाही.

मग त्यांनी लेयर शिकवले. म्हणजे एकावर एक काचा ठेवल्यासारखे थर. वरच्या थरावर जे असेल ते खालचं झाकतं. मुलं वहीत लिहून घेत होती. मला हसू आलं. आयुष्यभर दुसरं काय केलं? पहिला हात, दुसरा हात. म्हणजे रंगाचे. भिंतीवर कुणी कोळशानं बदाम काढलाय, नावं लिहिली आहेत, तर रंगारी ते खरवडत बसतो का? वरून एक हात मारायचा. मालक खूश, बदाम आत सुखात.

"आता अक्षरांचा सराव करा," मॅडम म्हणाल्या. "मनात येईल ते लिहा."

मनात काय येणार? एकेक बटण शोधत मी लिहिलं, 'माझी शिडी परत दे.' लाल रंग दिला. जाड केलं. इतकं बरं वाटलं की काय सांगू! पोटातला गॅस गेल्यासारखं. दुसऱ्या दिवशी त्याच फायलीत त्याच्याखाली लिहिलं, 'फुकट्या.' (नवीन फाईल कशी उघडायची ते त्या पोरीला विचारावं लागलं असतं, आणि तिला मी विचारणार नव्हतो.) मग एका सकाळी बायकोनं भावाचं फार कौतुक केलं. मनानं किती मोठा आहे, लहानपणी कसा तिच्या खांद्यावर बसायचा. त्या दिवशी क्लासात मी तिसरी ओळ लिहिली, 'हिचं सगळं माहेर असलंच.'

उद्घाटन जवळ आलं. त्याच फायलीत बोर्ड करायला घेतला. तिन्ही ओळी खालच्या बाजूला होत्या. मी प्रत्येकीवर एकेक पांढरा पट्टा ओढला. बोर्ड पांढराच, पट्टे पांढरे, कुठं काही दिसेना. वर निळ्या अक्षरात 'चकाचक लाँड्री' लिहिलं. खाली मेव्हण्यानं सांगितलेलं वाक्य, 'आम्ही डाग झाकत नाही, काढतो.' बाजूला एक शर्ट काढला.

मॅडम आल्या. "छान झालंय काका. पण बेडूक का काढलाय?"

"शर्ट आहे तो."

"हो हो, शर्टच आहे," त्या घाईनं म्हणाल्या. "सरावाचं सगळं डिलीट केलंत ना?"

"स्वच्छ आहे, बघा."

"खालची जागा मोकळी सोडलीत, ते फार चांगलं. डिझाईनमध्ये मोकळ्या जागेला महत्त्व असतं."

मी मान हलवली. फाईल पेन ड्राईव्हवर घेतली आणि छपाईवाल्याकडे देऊन आलो. घरी येऊन बायकोला म्हणालो, "झालं तुझं माहेर." तिनं त्या दिवशी मला चहात साखर जास्त घातली.

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही पोचलो तर बोर्ड छपाईवाल्यानं चादर घालूनच आणून वर लावलेला. आणि दुकानाच्या भिंतीला टेकवून काय उभं होतं? माझी शिडी! माझ्याच शिडीवर चढून माझाच बोर्ड लावला होता. माझ्या कानशिलातली शीर उडायला लागली. बायकोनं माझं मनगट धरलं. मी गिळलं. तिच्यासाठी गिळलं, हे लिहून ठेवा.

मेव्हणा पुढं आला. नवा शर्ट, कडक इस्त्री. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "ताई, दोरी तू ओढ."

बायकोनं डोळे पुसले आणि दोरी ओढली.

बोर्ड पिवळा होता.

मी म्हणालो, पिवळा? पांढरा दिला होता मी! तोपर्यंत शेजारच्या दुकानातला शिंपी मोठ्यानं वाचायला लागला होता. "चकाचक लाँड्री. आम्ही डाग झाकत नाही, काढतो. माझी शिडी परत दे. फुकट्या. हिचं सगळं माहेर... असलंच."

बायकोनं दोरी सोडून दिली. दोरी अजून हलत होती.

मी छपाईवाल्याला गाठलं. तो पेढ्याच्या पहिल्या घासावर होता. "पिवळा का केलास?"

"तुमच्या मेव्हण्यांचा फोन आला. पिवळा उठून दिसतो म्हणाले. मागचा रंग बदलला तर खाली तीन पांढरी ठिगळं दिसायला लागली. म्हटलं, काकांच्या हातून चुकून राहिली असतील. काढून टाकली. खाली मजकूर निघाला."

"आणि तू तो वाचला नाहीस?"

"काका, मी वाचत बसलो तर छापू कधी?"

मागून आवाज आला, "दाजी!"

"हां."

"मी फुकट्या?"

"सराव होता तो. अक्षरांचा."

"शिडी काय खाल्ली का मी तुमची? ती काय उभी आहे!"

"तिथं उभी आहे हेच तर म्हणतोय!" मी पण ओरडलो. शिंपी म्हणाला, "डाग काढतात, पण शिडी काही काढत नाहीत," आणि सगळा रस्ता हसायला लागला. लांबचे लोक जवळ आले. कुठली शिडी, कुणाची शिडी, दाखवा तरी. मेव्हण्याला रागारागानं शिडी दाखवावी लागली. एक बाई म्हणाली, आलेच आहे तर पडदे धुवायला टाकते. मग एकानं कोट आणला. दुसऱ्यानं शिडी पाहिली, पोटभर हसला आणि घरी जाऊन चादरी घेऊन आला. दुपारपर्यंत काउंटरवर कपड्यांचा ढीग झाला. मेव्हण्याचा आवाज हळूहळू खाली आला.

बायको मात्र तिथंच उभी होती. बोर्डाकडे बघत.

"अगं, ते मी झाकलं होतं," मी म्हणालो.

"पहिल्या दोन ओळी तुमच्या आणि त्याच्यातल्या," ती म्हणाली. "मला त्यात पडायचं नाही. तिसरी माझी आहे. ती आत्ताच्या आत्ता घालवा."

पिवळा रंग आणला. शिडी लावली. मेव्हण्यानं खालून ती धरली. मी वर तिसऱ्या ओळीवर हात मारत होतो आणि खाली हे दोघं बोलत होते. आधी हळू, मग हसून. खांद्यावर बसवायची गोष्ट पण निघाली. त्यात मध्येच 'बेडूक' असं ऐकू आलं, पण मी खाली बघितलं नाही.

काम संपलं. खाली उतरलो, शिडीची घडी केली आणि खांद्यावर घेतली.

"दाजी, कुठं?"

"घरी. वाचता येतं ना? परत दे, लिहिलंय."

"असं कसं? शिडी नेली तर बोर्ड खोटा पडेल. गिऱ्हाईक शिडी बघायलाच येतंय."

मी बायकोकडे बघितलं.

"राहू द्या की," ती म्हणाली. "माझ्या भावाच्या धंद्याचा प्रश्न आहे."

तेव्हापासून बायकोचं माहेर एकदम चांगलं चाललंय. मी अजून ड्रमावर उभा असतो. आणि उन्हानं त्या बोर्डावरचा माझा पिवळा हात सारखा उडतो, तिसरी ओळ पुन्हा डोकं वर काढते. मग बायको मला ब्रश देऊन पाठवते. मेव्हणा काही मनाचा लहान नाही. शिडी लगेच काढून देतो. फक्त प्रत्येक वेळी म्हणतो, "दाजी, संध्याकाळपर्यंत परत द्या हं."