वहिनीसाहेबांनी शर्यतीचा पास सर केला त्याची हकीकत

तमाम जाणत्या मंडळींस कळावे की, शर्यतीच्या मोटारींचा नाद हा पुरुषांचाच वतनी हक्क ऐसा समज ज्या काळी दिवाणखान्यांतून मुरला होता, त्या काळी एका रविवारी भरदुपारी जे तुंबळ प्रकरण जाहले, त्याचा मजकूर पदरचे काही न घालता येणेप्रमाणे.

वहिनीसाहेबांचे दिवाणखान्यात दर शर्यतीस चौघे मातबर जमत. खासे पतिराज, त्यांचे धाकटे बंधू दीरसाहेब, आणि पतिराजांचे कचेरीतील दोन दोस्त, पैकी एक चष्मेवाले आणि दुसरे नुसतेच मान डोलावणारे. टीव्हीचा आवाज बंद करावा आणि दीरसाहेबांनी स्वमुखे समालोचन करावे, ऐसा या दरबाराचा दस्तुर. वहिनीसाहेब शाळेत असल्यापासून शर्यती पाहात आणि टायरांची झीज पाहोन चालकाचा स्वभाव सांगत, परंतु दरबारी त्यांस "वहिनी, जरा सरकता का?" यापरता किताब नव्हता.

ऐशात खऱ्या मैदानावरील शर्यतीसाठी चौघांनी पास मागविले आणि हाती आला एकच. मग मसलत होऊन ठरले की, आजचा विजेता जो चिठ्ठीवर अचूक लिहील, पास त्याचा. बाळराजे जन्मल्यापासून सात महिने वहिनीसाहेबांची स्वारी भाजी आणि डॉक्टर यांखेरीज कोठे गेली नव्हती. पासाचे नाव ऐकोन जीव कासावीस जाहला आणि त्यांनीही चिठ्ठी मागितली.

"तुम्ही पण, वहिनी? लिहा लिहा! हेल्मेट कुणाचं छान दिसतंय ते बघून लिहा!" दीरसाहेब वदले आणि दरबार खदखदला.

चौघांनी लाल गाडी लिहिली. वहिनीसाहेबांनी पिवळी लिहिली, कारण लालचे टायर लौकर झिजतात हे शुक्रवारच्या सरावात, बाळराजांस पाजता पाजता, त्यांनी हेरिले होते.

शर्यत सुटली आणि तेच समयी बाळराजांनी आकांत मांडिला, म्हणोन वहिनीसाहेबांनी आतल्या खोलीत कूच केले. खांद्यावर बाळ, एका कानात फोनवरील समालोचन, आणि ताप तर नाही ना म्हणोन दर दोन फेऱ्यांस कपाळी हात, ऐशी तिहेरी आघाडी लढविली. मग तिसाव्या फेरीस कानी वार्ता आली की, लाल गाडीने टायर बदलावयाच्या पिट लेनमध्ये वेगमर्यादा मोडिली, सबब दंड पाच सेकंदांचा. पुन्हा न थांबल्यास अखेरच्या वेळेत मिळवावा. हीच वार्ता पडद्याचे तळपट्टीवरही उमटली, परंतु पट्टीपुढे दीरसाहेब हातवारे करीत उभे, आणि आवाज तो बंदच. दरबारास इतल्ला नाही.

लाल गाडी प्रथम आली. चौघे उठोन नाचले आणि पास चौघांत कोणाचा, यावर हमरीतुमरी जुंपली. मग वहिनीसाहेब बाळराजांसह बाहेर प्रकटल्या.

"बसा. लाल हरली."

"अहो वहिनी, डोळ्यांदेखत पहिली आली की!" दीरसाहेब उसळले.

"चारच सेकंद आधी आली. दंड पाचाचा आहे. आवाज सोडा टीव्हीचा."

चष्मेवाल्यांनी आवाज सोडला, तो समालोचक पिवळीचा जयजयकार करीत होता. दीरसाहेबांची मुद्रा हवा गेलेल्या टायराऐसी जाहली.

"हा नियम कधी आला?"

"नियम जुनाच आहे, भाऊजी. तुम्ही बोलत होतात."

मान डोलावणाऱ्यांनी मान डोलाविली. चष्मेवाल्यांनी उठोन पास दोहों हातांनी रुजू केला. पतिराजांनी हळूच पुसिले, "मग त्या दिवशी बाळाला कोण बघणार?"

"त्याचा बाप."

ऐसे फर्मान जाहले आणि सोबत बावीस कलमांची यादी निघाली.

शर्यतीचे दिवशी दूध बाटलीत, औषध फळीवर, डॉक्टरांचा नंबर फ्रीजवर, ऐसा कडेकोट बंदोबस्त असता वहिनीसाहेबांचा पाय दारात अडला. एकदा मागे पाहिले. दोनदा पाहिले.

"अगं जा, पहिली फेरी चुकेल!" पतिराज म्हणाले.

तिसऱ्यांदा पाहिले, तो बाळराजे बापाचे नाक मुठीत धरोन खिदळत होते आणि मातोश्रींकडे ढुंकूनही पाहात नव्हते. मग वहिनीसाहेब जिना उतरल्या आणि चौथ्यांदा पाहिले नाही.

ऐसी फत्ते दुहेरी जाहली. पैकी पहिली एका सेकंदाची. दुसरीस सात महिने लागले. नोंद केली असे.