भिंतीवरचे हक्क

पेंटरच्या बँक खात्यावर करखात्याने टाच आणली, तीही नेमकी डोळ्याच्या ऑपरेशनच्या तोंडावर. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता आणि प्रत्येक अक्षर जोडीने दिसायला लागलं होतं. बोर्ड रंगवून पोट भरणाऱ्या माणसाचं याहून वाईट काय व्हायचं? डॉक्टरांना आगाऊ रक्कम हवी होती. ती खात्यात होती, आणि खात्यातून काढता येत नव्हती.

नोटिशीत म्हटलं होतं, त्याने एका बोर्डाची कमाई लपवली. हा बोर्ड करखात्याच्याच ऑफिसात लागलेला होता. वर ठसठशीत 'करदात्याचे हक्क' आणि खाली एकेक हक्क, सगळं पेंटरच्याच हातचं. बिलासाठी त्याने चपला झिजवल्या, पण पैसे काही मिळाले नाहीत. वर्षअखेरीला हिशेब जुळेना, तेव्हा तिथल्या कॅशियरने बिल चुकतं केल्याची नोंद ठोकून दिली. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी ती वाचली आणि पेंटरला चोर ठरवलं. दोघांचा पंखा एक होता, पण कॅशियरला एक शब्द विचारावा असं साहेबांना वाटलं नाही.

पेंटर जाऊन बोर्डाखाली उभा राहिला. "साहेब, तिसरा हक्क. कारण लेखी मिळालं पाहिजे."

साहेबांनी मान वळवून बोर्ड बघितला, बहुधा पहिल्यांदाच. यथावकाश लेखी कारण आलं. कमाई लपवल्यामुळे नोटीस दिली आहे, असं ते कारण होतं. सोबत उत्तराला उशीर केल्याचा दंड होता.

पाचव्या हक्कानुसार जाणकार माणूस सोबत नेता येत होता. वकील परवडेना, म्हणून बायकोने आपल्या भावाला धाडलं. मेव्हण्याचं तोंड एकदा सुरू झालं की बंद करायला दुसरा माणूस लागायचा. "साहेब, आमच्या दाजींना हलक्यात घेऊ नका," तो म्हणाला. "अख्ख्या शहरात बोर्ड आहेत त्यांचे. एक गल्ली सोडली नाही."

दाजींनी त्याचा पाय तुडवला, पण तोवर साहेबांनी पेनचं टोपण काढलं होतं. पुढच्या नोटिशीत अख्ख्या शहरातल्या बोर्डांचा हिशेब मागितला होता.

आता राहिला अपिलाचा हक्क. तो सगळ्यात खाली होता आणि त्याच्यासमोर फायलींचं कपाट आणून ठेवलं होतं. असा हक्कच नाही, असं क्लार्कने सांगितलं. मग कपाट सरकवा, पेंटर म्हणाला. त्याला वरून परवानगी लागते, असं उत्तर आलं. शेवटी मेव्हण्याने भिंतीला गाल चिकटवून फटीतून तो हक्क मोठ्याने वाचून दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं तोंड कामी आलं.

अपील ऐकणाऱ्या बाई सज्जन होत्या. त्यांनी पासबुक पान न् पान चाळलं. "अहो, तुम्हाला तर पैसे आलेच नाहीत," त्या म्हणाल्या. पेंटरला भडभडून आलं. एवढ्या खेट्यांत कुणीतरी खरं बोललं होतं. बाईंनी कर रद्द केला, दंड रद्द केला, खातंही मोकळं केलं.

"आणि माझं बिल?" त्याने भीतभीत विचारलं.

"तुम्हाला पैसे मिळाले नाहीत, म्हणजे विक्री झालीच नाही, असा निकाल दिलाय मी," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "आता बिल दिलं तर निकालच चुकीचा ठरेल, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा तुमचा माल तुम्ही घेऊन जा."

कपाट सरकवायची परवानगी तेवढ्यापुरती लगेच मिळाली. शिपायांनी बोर्ड उतरवला आणि माल परत मिळाल्याची पेंटरची सही घेतली. ऑपरेशन होऊन डोळा आता वाचणार होता, त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्याला नुसता संताप येत होता, आणि तो कुणावर काढावा हे कुठल्याच कलमात नव्हतं.

बोर्डाचं एक टोक मेव्हण्याने धरलं, एक त्याने. अरुंद जिन्यात एक म्हातारी नोटीस मुठीत धरून धापा टाकत वर येत होती.

"बाबा, माझं काय चुकलं ते कुणी सांगतच नाही," ती म्हणाली. "इथं विचारायचा हक्क असतो का रे आपल्याला?"

"होता," पेंटर म्हणाला, आणि बोर्ड तिरका करून त्याने तिला वर जायला वाट दिली.