एक तास आधी लावायची क्रीम

भिंगरीला रक्त तपासायला आपण एकटेच घेऊन जाणार, असं तिच्या बाबांनी सकाळच्या चहाबरोबर जाहीर केलं, तेव्हा तिची आई चपलेत पाय घालता घालता थांबली.

"एकटा?"

"त्यात काय आहे?"

त्यात काय आहे ते दोघांनाही पुरतं ठाऊक होतं. चार महिन्यांपूर्वी एका दवाखान्यात भिंगरीचं रक्त काढताना एकाने पाय धरले, एकीने खांदे दाबले आणि हात बाबांनी धरला. सुई दोनदा चुकली. तिसऱ्यांदा रक्त आलं, पण तोवर चार वर्षांच्या पोरीचा आवाज बसला होता. त्या सगळ्या वेळात ती सुईकडे बघत नव्हती, बाबांकडे बघत होती. तेव्हापासून नुसता कापूस दिसला तरी ती टेबलाखाली जाऊन बसायची, आणि बाबांना नखंसुद्धा कापू द्यायची नाही.

आणि आता पुन्हा रक्त हवं होतं. जी पोरगी एका खोलीतून दुसरीत गिरक्या घेतच जायची (नाव काही उगाच पडलं नव्हतं), ती हल्ली सहा पायऱ्या चढली की सातवीवर बसायची. "रक्त बघितल्याशिवाय मी औषध देणार नाही," असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा लॅबच्या दारातून तिला परत आणावं लागलं होतं.

आईच्या शाळेत परीक्षा चालू होत्या. राहता राहिले बाबा. ते वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायचे, त्यामुळे कुठलंही संकट आलं की आधी त्याच्यावर कुणी काय लिहिलंय ते शोधायचं, ही त्यांची पद्धत. या वेळी ती चक्क उपयोगी पडली होती. कातडी बधिर करणारी एक क्रीम मिळते, ती आधी लावली की सुई कमी टोचते, असं त्यांनी वाचलं. डॉक्टरांनीही लिहून दिली. औषधवाल्याने नीट समजावलं, "दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला लावायची, चोळायची नाही, वरून प्लास्टिकची पट्टी. एक तास आधी."

सगळं त्यांनी कागदावर उतरवून घेतलं. ट्यूब कशी उघडायची ते मात्र विचारलं नाही.

ट्यूबच्या तोंडाला पातळ पत्रा होता. बाबांनी तो दातांनी उघडला. (त्या घरातली कुठलीही पुडी, पिशवी किंवा बाटली त्यांनी हाताने उघडल्याचं कुणाला आठवत नाही.) पत्रा फट्‌कन फाटला आणि क्रीमचा एक गोळा थेट ओठांवर आणि जिभेवर आला. ते थुंकले, बाहीला तोंड पुसलं आणि उरलेली क्रीम लेकीच्या हातांना लावली.

"याने काय होतं?" भिंगरीने विचारलं.

"तिथली कातडी झोपते."

"मग उठते कधी?"

"जेवायच्या वेळेला."

हे तिला पटलं. दोन्ही हातांवरच्या पारदर्शक पट्ट्यांतून आपली झोपलेली कातडी बघत ती चालू लागली. बाबांना वाटलं, अर्धी लढाई जिंकली. रस्त्याच्या वळणावर त्यांना शेजारी भेटले, आणि "कुठे निघालात?" याचं उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा तोंड जागेवर नव्हतं.

लॅबच्या काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी बसली होती. "पेशंटचं नाव?"

बाबांनी नाव सांगितलं. म्हणजे त्यांना तसं वाटलं.

तिने पेन खाली ठेवलं. "काका, हे असं कधीपासून होतंय?"

"फकाळपाफूम," बाबा म्हणाले. ओठाच्या कडेने लाळेची एक धार सुटली.

मग सगळं फार भराभर झालं. "लकवा दिसतोय," म्हणत मुलगी आत धावली, एक वॉर्डबॉय चाकांची खुर्ची घेऊन आला, बाबांना तीत बसवण्यात आलं. "दोन्ही हात वर करा. आता हसून दाखवा." बाबांनी हसून दाखवलं. ते हसू पाहून मुलीने फोनच उचलला.

भिंगरी हे सगळं एकटक बघत होती. दवाखान्यात आपल्याला सोडून दुसऱ्याच कुणाला तरी धरतात, हे ती जन्मात पहिल्यांदा बघत होती. शेवटी तिलाच दया आली.

"बाबांना काही झालं नाही," ती म्हणाली. "त्यांनी माझं औषध खाल्लं."

आतून पन्नाशीच्या एक बाई आल्या, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला. रक्त काढायचं काम त्यांचंच. सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांनी बाबांच्या खिशातून डोकावणारी ट्यूब पाहिली, त्यांना नीट विचारून, तपासून खात्री करून घेतली आणि फोन खाली ठेवायला लावला. मग सरळ भिंगरीसमोर जमिनीवर बसल्या, तिच्यापेक्षाही बुटक्या झाल्या.

"दुखेल?" भिंगरीने विचारलं.

"थोडं कळेल. क्रीममुळे कमी. बघायचं की नाही ते तू ठरव. कुठला हात ते पण तूच."

भिंगरीने बराच विचार करून डावा हात दिला. ताईंनी तास भरल्याचं घड्याळात पाहिलं आणि त्या हातावरची पट्टी काढून क्रीम पुसून टाकली.

बाबांनी तिला मांडीवर घेतलं आणि सवयीने तिचं मनगट घट्ट पकडलं.

"धरू नका," ताई म्हणाल्या. "मिठी मारा."

बाबांनी मनगट सोडलं आणि तिला कुशीत घेतलं. ताईंनी साबणाच्या फुग्यांची बाटली पुढे केली. "बाबा आधी करून दाखवतील."

बाबांनी फुंकर मारली. ओठच हजर नसल्यामुळे हवा एका गालातून निघाली आणि साबणाचा फेस हनुवटीवरून शर्टात गेला. भिंगरी हसली. त्यांनी पुन्हा जोर लावला. या वेळी घोडा फुरफुरतो तसा आवाज आला. भिंगरी पोट धरून हसू लागली. इतके दिवस ती अशी हसलीच नव्हती, हे बाबांच्या तेव्हा लक्षात आलं.

"दे, मला दे. असं नाही, हळू फुंकायचं."

तिने बाटली जवळ ओढली आणि लांब, सावकाश फुंकर घातली. इकडे ताईंनी डोळे मिटले होते. त्यांचं एक बोट त्या काडीसारख्या हातावरून असं फिरत होतं, जणू कातडीखाली काही लिहिलंय आणि त्या ते वाचताहेत. बोट थांबलं. डोळे उघडले. दुसरी फुंकर निम्मी झाली असेल-नसेल, तेवढ्यात फुलपाखरासारखे प्लास्टिकचे पंख असलेली बारीकशी सुई आत गेलेली होती. बाबा टक लावून बघत होते, तरी ती कधी गेली ते त्यांना कळलं नाही.

खिडकीच्या उजेडात पाच-सहा फुगे तरंगत होते आणि नळीतून लाल रेघ चढत होती. भिंगरीने मान वळवली.

"हे माझं आहे?"

"तुझंच."

"आत अजून आहे?"

"पुष्कळ. आणि रोज नवीन बनतं."

आपल्या आत असं काहीतरी चाललेलं असतं आणि आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं, अशा चेहऱ्याने ती बघत राहिली. बाबाही बघत राहिले. मग सुई बाहेर आली, कापूस आला, आणि तो कापूस भिंगरीने स्वतः दाबून धरला.

फोन वाजला. आई होती. "झालं? रडली का फार?"

"फाहीच फाही," बाबा म्हणाले.

"अरे, तू कशाला रडतोस? शांत हो बघू. पाणी पी."

आपण रडत नाही हे सांगायला त्यांना शब्द जुळवता येईनात. आणि डोळ्यांना हात लावून पाहिला, तर ते सांगणं खरंही ठरलं नसतं.

ताईंनी ड्रॉवरमधून एक चमचमता तारा काढून भिंगरीच्या फ्रॉकवर चिकटवला. तिने तो निरखून पाहिला.

"बाबांना पण द्या ना."

ताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शर्टभर फेस झालेल्या बाबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"त्यांना नाही देता येत गं," त्या म्हणाल्या. "हा जे शहाण्यासारखे बसतात त्यांच्यासाठी असतो."