हळू लागणारी बंदूक

ट्रंक अजून माझ्या हातातच होती. घरमालक म्हणाले, "गुरुजी, जरा तिकडं तोंड करून उभे राहा जी." मी मुकाट्यानं भिंतीकडे वळलो आणि पाठीत काहीतरी थपकन बसलं. ट्रंक टाकून मी उडालोच.

"दचकले?"

"दचकणार नाही तर काय!"

"मंग नाही जमलं." खाली पडलेला स्पंजचा तुकडा उचलून ते पडवीत गेले. मला खोलीची किल्ली द्यायचंही विसरले.

हे टेंभरे काका. २००४ साली गोंदिया जिल्ह्यातल्या चिचगडजवळच्या एका गावी मला शिक्षकाची पहिली नोकरी लागली, तेव्हा मी त्यांच्याकडे राहायला आलो. बोदलकसा तलावाकडच्या आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. त्यामुळे बी.एस्सी.ची मार्कशीट ट्रंकेत सगळ्यात वर होती. काका पूर्वी राईस मिलमध्ये फिटर होते. आता पडवीत बसून सायकली आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचे, आणि उरलेल्या वेळात बंदूक बनवायचे. सायकलपंपाची नळी, आत चामड्याचा वायसर, त्यामागे स्प्रिंग, घोड्याच्या जागी ब्रेकचा दांडा. मोटारसायकलच्या जुन्या सीटमधून कापलेल्या स्पंजच्या बोटभर कांड्या म्हणजे गोळ्या. हवा निसटू नये म्हणून मागच्या टोकाला ट्यूबची टिकली.

दूधवाला असो की पोस्टमन, जो येईल त्याला ते पाठ करून उभं राहायला सांगत. लागलं म्हटलं तरी नाराज, लागलंच नाही म्हटलं तरी नाराज.

"काका, स्प्रिंग जाड घाला," मी सल्ला दिला. "गोळी पार छपराच्या कवेलूंवर बसलेल्या माकडापर्यंत जाईल."

"जोर कोणीबी लावते, गुरुजी."

हे त्यांचं पालुपद. नट पिळताना हेच. वर्गात मी पोरांना छडी मारतो का, हे विचारल्यावरही हेच.

ही सगळी खटपट काकूंसाठी होती. आदल्या वर्षी तापात काकूंचे कान गेले. चाळीस वर्षं या दोघांचा संसार अंगणाच्या दोन टोकांना चालला होता. ते पडवीतून ओरडणार, त्या चुलीपासून उत्तर देणार. आता हाक पोचेना, म्हणून काका जवळ जाऊन खांद्याला हात लावायचे आणि काकू किंचाळायच्या. एकदा अशाच दचकल्या आणि भाताची उकळती पेज पायावर सांडली. तेव्हापासून त्यांनी दाराकडे पाठ करणंच सोडलं. भिंतीला टेकून बसायच्या. चुलीपुढे बसावं लागलं, तर दर दोन मिनिटांनी मान वळवून मागे बघायच्या. मान दुखायची, पण अंगणात मोकळ्या बसायच्या नाहीत.

"लाइट लावा ना. बटण दाबलं की पेटेल," मी म्हटलं.

"लाइन कव्हा राहते गावात?" काका म्हणाले. "आन् मले तिले हात लावल्यावानी पाहिजे. पण भेव नाही वाटलं पाहिजे."

जोर कमी व्हावा म्हणून त्यांनी स्प्रिंगचे चार वेढे कापले आणि माझी पाठ घेतली. मी कळवळलो. मग मला वर्गातलं आठवलं. स्प्रिंग कापली की ती नरम होत नाही, उलट कडक होते. मी पाटीवर आकृती काढून समजावलं. काकांनी आकृतीवरून बोट फिरवून वेढे मोजले. "तीन साल वाया नाही गेले तुमचे," ते म्हणाले. माझ्या मार्कशीटचं इतकं कौतुक नंतर कोणी केलं नाही.

मग बारीक तारेची लांब स्प्रिंग स्वतःच वळायची ठरली. तार आणायला आम्ही गोंदियाला गेलो. दुकानदारानं विचारलं, "मजबूत वाली दूँ?"

"नहीं, कमजोर दो."

"चाचा, आज तक किसी ने कमजोर नहीं माँगी!"

नव्या स्प्रिंगची चाचणी पोलीस पाटलावर झाली. नक्षलवाद्यांमुळे आमच्या भागात 'बंदूक' हा शब्द कोणी गमतीनं उच्चारत नाही, त्यामुळे ते रीतसर चौकशीला आले होते. पाठ वळवून ते बोलतच राहिले. गोळी लागून खाली पडली, तरी बोलतच होते.

"पाटील, काही समजलं?"

"काय समजाचं होतं?" त्यांनी कांडी उचलून पाहिली. "याले बंदूक म्हणाची मलेच लाज वाटून राहिली. चा पाजा."

"मेली हे स्प्रिंग," काका खिन्नपणे म्हणाले आणि दोन वेढे कमी करायला बसले.

शेवटी एका रविवारी माझी पाठ 'समजलं, पण दचकलो नाही' असं म्हणाली. काकांनी काकूंना खुणेनं सगळं सांगितलं, स्वतःच्या हातावर एक गोळी मारून दाखवली.

"म्हातारपणी मले गोळी घालता का जी!" काकू म्हणाल्या. "घाला. पण चुलीजवळ नाही."

त्या सूप घेऊन अंगणात बसल्या. आमच्याकडे पाठ, पण खांदे आवळलेले. काकांनी नेम धरला, खाली केला, पुन्हा धरला. मिलचे पट्टे चालू असताना बिनधास्त हात घालणाऱ्या या माणसानं अखेर जपून दांडा दाबला.

कांडी पाठीला टेकली आणि मातीत पडली. काकूंनी सूप खाली ठेवलं. हळूच वळल्या.

"काय जी?"

इतके महिने काकांनी स्प्रिंगचाच विचार केला होता. काय बोलायचं, ते ठरवायचं राहूनच गेलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली. काही नाही.

"काही नाही, तं बोलावलं कायले?" असं म्हणत काकू हसल्या आणि पुन्हा वळून तांदळातले खडे वेचू लागल्या. पाठ आमच्याकडेच होती. खांदे सैल पडले होते. बराच वेळ त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.